मांजरांमधील आकस्मिक आक्रमकता

एकाच घरात दीर्घकाळ सलोख्याने राहणाऱ्या मांजरांपैकी एकाने दुसऱ्यावर, कोणतेही उघड कारण दिसत नसताना, एकाएकी हल्ला करणे या वर्तनास मांजरांमधील आकस्मिक आक्रमकता असे म्हणतात. कालपर्यंत एकमेकांना चाटणारी, एकाच अंथरुणावर बिलगून झोपणारी दोन मांजरे काही क्षणांत एकमेकांची वैरी झाल्यासारखी वागू लागतात. हे वैर काही मिनिटांत निवळू शकते. काही वेळा ते अनेक आठवडे टिकते आणि योग्य हस्तक्षेप न झाल्यास कायमचे होते.

या वर्तनाची बहुतेक उदाहरणे दोन प्रकारांत मोडतात. एका मूळ कारणामुळे चेतवलेले मांजर त्या कारणापर्यंत पोहोचू न शकल्याने जवळच्या प्राण्यावर वा माणसावर हल्ला करते, तेव्हा तिला वळवलेली आक्रमकता म्हणतात. परिचित मांजराचा वास बदलल्यामुळे त्याची ओळख न पटल्याने हल्ला होतो, तेव्हा तिला अनोळखीपणातून येणारी आक्रमकता म्हणतात. यांखेरीज वेदना, आजार आणि वाढीच्या वयातील बदल हीही कारणे आढळतात. हल्ला करणारे मांजर 'दुष्ट' वा 'कृतघ्न' झालेले नसते, ते अत्यंत भेदरलेले वा उत्तेजित असते. हे न उमगल्यामुळे अनेक मांजरांना घराबाहेर काढले जाते. वस्तुतः वेळीच विलगीकरण आणि सावकाश पुनर्परिचय केल्यास अनेक जोड्या पूर्ववत राहू लागतात.

संज्ञा

वळवलेल्या आक्रमकतेस इंग्रजीत 'रिडायरेक्टेड अ‍ॅग्रेशन' अशी संज्ञा आहे. प्राणिवर्तनशास्त्रात ती विसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ आहे. प्रतिस्पर्ध्यावर धावून जाण्याची ऊर्मी आणि त्यात येणारा अडथळा वा भीती यांच्या कात्रीत सापडलेला प्राणी आपली आक्रमकता तिसऱ्याच लक्ष्यावर काढतो, असे निरीक्षण पक्ष्यांपासून माकडांपर्यंत अनेक प्राण्यांत नोंदवले गेले आहे. मराठीतील 'वड्याचे तेल वांग्यावर काढणे' हा वाक्प्रचार याच प्रकाराचे नेमके वर्णन करतो. मात्र माणसाच्या बाबतीत त्यात थोडाफार हेतू गृहीत धरला जातो. मांजराच्या बाबतीत तसा हेतू नसतो.

पार्श्वभूमी

पाळीव मांजर (फेलिस कॅटस) हे आफ्रिकी रानमांजराचे (फेलिस लिबिका) वंशज आहे. सायप्रस बेटावरील सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर आढळले असून त्याचा शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. इतका प्राचीन सहवास असूनही मांजराची मूळ घडण एकट्याने शिकार करणाऱ्या प्राण्याची राहिली आहे. कुत्र्याचे पूर्वज कळपाने शिकार करीत. भांडणानंतर तडजोड करून कळप टिकवणे ही त्यांची गरज होती. एकट्याने शिकार करणाऱ्या मांजराला अशी गरज नव्हती. त्यामुळे संघर्ष टाळण्याची साधने त्याच्याकडे विपुल आहेत, परंतु झालेला संघर्ष मिटवण्याची साधने तुटपुंजी आहेत. लहानशा घरातील एका भांडणाचे पडसाद दीर्घकाळ का उमटतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी या फरकात आहे.

तरीही मांजर पूर्णतः असामाजिक नाही. जेथे अन्न मुबलक असते, उदाहरणार्थ मासळीबाजार, गोदामे वा गोठे, तेथे मांजरांचे समूह तयार होतात. अशा समूहांच्या केंद्रस्थानी सहसा नात्यातील माद्या असतात. त्या एकमेकींच्या पिलांना दूधही पाजतात. समूहातील मांजरे एकमेकांना चाटतात, अंगाला अंग घासतात आणि शेपूट उभी करून एकमेकांचे स्वागत करतात. या घासण्यातून सर्वांच्या अंगावर एक सामाईक वास तयार होतो. गाल, हनुवटी, कपाळ, शेपटीचे मूळ आणि पंजे या ठिकाणच्या ग्रंथींचे स्राव त्यात मिसळलेले असतात. हा सामाईक वास म्हणजे समूहाचे जणू ओळखपत्र होय.

घरातील मांजरांच्या मैत्रीचा आधारही हाच आहे. डोळ्यांनी पाहून ओळखण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व ते वासाला देतात. टाळूच्या वर असलेले जेकबसनचे इंद्रिय त्यांना काही विशिष्ट रासायनिक संकेत ओळखण्यास साहाय्य करते. ऐकण्याची क्षमताही माणसाहून पुष्कळ व्यापक आहे. माणसाला साधारणतः २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, तर मांजराला ६० हजार हर्ट्झच्या पलीकडचे ध्वनीही ऐकू येतात. मालकाच्या लेखी 'काहीच घडलेले नसताना' मांजर चेतवले जाण्याचे हे एक कारण आहे.

कारणे

वळवलेली आक्रमकता

हा प्रकार पुढीलप्रमाणे घडतो. दोन मांजरे खिडकीत बसलेली आहेत. समोरच्या भिंतीवर अनोळखी बोका येतो. खिडकीच्या काचेमुळे वा जाळीमुळे घरातील मांजराला त्याच्यावर धावून जाता येत नाही आणि त्याच्या गस्तीपासून निश्चिंतही होता येत नाही. त्याच्या अंगावरचे केस उभे राहतात, शेपूट फुलते, बाहुल्या विस्फारतात. याच क्षणी शेजारचे मांजर हालचाल करते वा मालक हात पुढे करतो आणि सर्व रोख त्याच्याकडे वळतो.

या पहिल्या हल्ल्यानंतर घडणारी गोष्ट अधिक गंभीर असते. हल्ला झालेले मांजर बचावासाठी फिसकारते, पंजा उगारते. त्याचा तो आविर्भाव पाहून हल्लेखोराला ते शत्रूच वाटू लागते. बोका केव्हाच निघून गेलेला असतो. परंतु दोन्ही मांजरांच्या स्मृतीत त्या भीतीची सांगड आता एकमेकांशी घातली गेलेली असते. पुढच्या वेळी एकमेकांना पाहताच भीती जागी होते, भीतीतून फिसकारणे होते आणि त्यातून भीती दृढ होते. अशा रीतीने मूळ कारण नाहीसे झाल्यावरही वैर स्वतःच्याच बळावर टिकून राहते.

बाहेरचे मांजर वा कुत्रा दिसणे, त्याचा वास येणे वा आवाज ऐकू येणे, मोठा अनपेक्षित आवाज होणे, भांडी वा फर्निचर कोसळणे, घरात अनोळखी माणसे येणे, शेपटीवर पाय पडणे ही नेहमीची निमित्ते आहेत. अमेरिकेतील पशुवैद्यकीय नियतकालिकात १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसांवर वळलेल्या अशा आक्रमकतेच्या १४ उदाहरणांचे वर्णन आहे. बार्सिलोना येथील संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठे आवाज आणि इतर मांजरांशी आलेला संबंध ही प्रमुख निमित्ते असल्याचे आढळले.

अनोळखीपणातून येणारी आक्रमकता

दोन मांजरांपैकी एकाला पशुवैद्याकडे नेऊन परत आणल्यावर घरी राहिलेले मांजर त्याच्यावर फिसकारते, हा अनुभव सामान्य आहे. परत आलेल्या मांजराच्या अंगाला जंतुनाशकाचा, औषधांचा, परक्या माणसांचा आणि घाबरलेल्या इतर प्राण्यांचा वास असतो. घरातील सामाईक वास पुसला गेलेला असतो. भूल दिलेली असल्यास चाल अडखळती असते, डोळ्यांचा भाव निराळा असतो. गळ्याभोवती प्लॅस्टिकची कॉलर असल्यास आकृतीही बदललेली असते. आंघोळ घातल्यानंतर वा काही दिवस दुसरीकडे राहून आल्यानंतरही असेच घडू शकते. येथे बहुधा घरी राहिलेले मांजर आक्रमक होते आणि आजारातून उठलेले मांजर बळी ठरते. सामाईक वास पुन्हा तयार झाल्यावर हा प्रकार बऱ्याचदा काही तासांत वा दिवसांत शमतो.

वेदना आणि आजार

मांजर आपली वेदना लपवते. एरवी सहन होणारा सोबत्याचा स्पर्श वेदनेच्या काळात असह्य होतो आणि ते प्रतिकार करते. दातांचे व हिरड्यांचे विकार, सांधेदुखी, मूत्रमार्गाचे विकार, कानाचा संसर्ग आणि जुनी जखम ही वेदनेची सामान्य कारणे आहेत. प्रौढ व वृद्ध मांजरांत थायरॉइड ग्रंथीचा अतिस्राव झाल्यास चिडखोरपणा वाढतो. दृष्टी वा श्रवण मंदावलेले मांजर सोबत्याच्या अचानक जवळ येण्याने दचकते. मेंदूचे विकार आणि रेबीज ही विरळा परंतु गंभीर कारणे होत.

वाढीचे वय

मांजर सुमारे सहा महिन्यांच्या आसपास लैंगिकदृष्ट्या प्रौढ होते. सामाजिक प्रौढत्व मात्र साधारणतः दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान येते. पिलू म्हणून एकत्र वाढलेल्या भावंडांमध्येही या काळात दुरावा येऊ शकतो. वाटा अडवणे, एकटक रोखून पाहणे, उंच जागेवरून दुसऱ्याला हुसकावणे असा ताण महिनोन्महिने शांतपणे चालू असतो आणि एखाद्या क्षुल्लक निमित्ताने त्याचा स्फोट होतो. अशा वेळी भांडण आकस्मिक भासले, तरी ते आकस्मिक नसते.

शरीरक्रिया

भीती व क्रोध यांच्या शरीरक्रियेचे आरंभीचे संशोधन मांजरांवरच झाले. अमेरिकी शास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर ठेवलेल्या मांजरांच्या रक्तात अ‍ॅड्रेनल ग्रंथींचा स्राव वाढतो असे दाखवले. या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. 'लढा किंवा पळा' ही आज सर्वपरिचित असलेली कल्पना त्यांच्या कार्यातून पुढे आली. स्विस शास्त्रज्ञ वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागाला सौम्य विद्युत्प्रवाहाने उद्दीपित केले असता, एरवी शांत असलेले मांजर केस उभारून फिसकारू लागते आणि जवळच्या लक्ष्यावर हल्ला करते, असे त्यांना आढळले. मेंदूच्या या भागावरील कार्याबद्दल हेस यांना १९४९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

या संशोधनातून एक व्यावहारिक बोध होतो. एकदा पेटलेली ही यंत्रणा निमित्त दूर होताच थांबत नाही. नाडीचे ठोके, रक्तातील संप्रेरके आणि इंद्रियांची सतर्कता यांना पूर्वपदावर येण्यास वेळ लागतो. हा वेळ काही मिनिटांचा, काही तासांचा, तर काही मांजरांत एक-दोन दिवसांचाही असतो. या अवधीत मांजराला उचलणे, कुरवाळणे वा सोबत्यासमोर आणणे धोक्याचे ठरते.

लक्षणे आणि देहबोली

जर्मन वर्तनशास्त्रज्ञ पॉल लायहाउझेन (१९१६–१९९८) यांनी मांजरांच्या मुद्रांचा सविस्तर अभ्यास केला. आक्रमण आणि बचाव या दोन प्रेरणा एकाच वेळी कमी-अधिक प्रमाणात कार्यरत असतात व त्यांच्या मिश्रणातून निरनिराळ्या मुद्रा तयार होतात, असे त्यांनी दाखवले.

आक्रमणाच्या पवित्र्यातील मांजर पाय ताठ करून उभे राहते, कान मागच्या बाजूस फिरवते, नजर रोखते आणि सावकाश पुढे सरकते. बचावाच्या पवित्र्यातील मांजर अंग चोरून बसते, कान डोक्याला चपटे चिकटवते, बाहुल्या विस्फारते, फिसकारते आणि प्रसंगी कुशीवर पडून चारही पंजे सज्ज ठेवते. पाठीची कमान करून, केस फुलवून आडवे उभे राहणे हे दोन्ही प्रेरणांच्या मिश्रणाचे परिचित चित्र आहे. फिसकारणे हे प्रामुख्याने भीतीचे लक्षण असल्यामुळे जे मांजर अधिक आवाज करते तेच हल्लेखोर, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. खरा हल्लेखोर पुष्कळदा निःशब्द असतो.

खेळ आणि भांडण यांतील फरकही ध्यानात घ्यावा लागतो. खेळात मांजरे आळीपाळीने वर-खाली होतात, नखे आत ठेवतात, मध्येच थांबतात आणि सहसा आवाज करीत नाहीत. भांडणात एकच मांजर सतत पाठलाग करते, दुसरे लपते. ओरडणे, गुरगुरणे, केसांचे पुंजके उडणे, क्वचित लघवी वा मलविसर्जन होणे हे प्रकार दिसतात. भांडणानंतर बळी ठरलेले मांजर खाण्याच्या भांड्यापाशी वा लिटर ट्रेकडे जाण्याचे टाळते, पलंगाखाली वा कपाटावर दडून राहते. घरात भलत्याच ठिकाणी लघवी होऊ लागणे हे पुष्कळदा अशा दडपलेल्या संघर्षाचे पहिले दृश्य चिन्ह असते.

निदान

प्रथम दोन्ही मांजरांची पशुवैद्यकीय तपासणी आवश्यक असते. जखमा केसांखाली झाकल्या जातात आणि दाताने झालेल्या बारीक छिद्रातून दोन ते चार दिवसांत गळू तयार होऊ शकते. वेदना, दात, सांधे आणि प्रौढ मांजरांत थायरॉइड व रक्तदाब यांची तपासणी केली जाते.

त्यानंतर घटनाक्रम जुळवावा लागतो. हल्ल्यापूर्वी कोणते मांजर कोठे होते, खिडकी उघडी होती काय, आवाज झाला काय, घरी कोणी आले होते काय, एखादे मांजर नुकतेच बाहेरून आले होते काय, हे प्रश्न विचारले जातात. मालकाने प्रत्यक्षात फक्त भांडणाचा शेवट पाहिलेला असतो. त्यामुळे निमित्त अज्ञातच राहते असेही घडते. खिडकीपाशी, दाराच्या उंबऱ्यावर वा गॅलरीत नव्याने येणारा बोक्याच्या लघवीचा उग्र दर्प हा बाहेरील मांजराच्या वावराचा महत्त्वाचा पुरावा होय.

व्यवस्थापन

तातडीचे उपाय

भांडणाऱ्या मांजरांमध्ये हात वा पाय घालू नये. मोठा पुठ्ठा, उशी वा जाड चादर दोघांच्या मध्ये धरून त्यांची दृष्टभेट तोडावी. आरडाओरडा केल्याने वा झाडू उगारल्याने उत्तेजना वाढते आणि मालक स्वतःच पुढचे लक्ष्य ठरू शकतो. मांजरे वेगळी होताच त्यांना निरनिराळ्या खोल्यांत ठेवून दार बंद करावे. उत्तेजित मांजराला मंद उजेडाच्या शांत खोलीत, पाणी आणि लिटर ट्रे ठेवून, एकटे सोडावे. 'आपसांत लढून मिटवू द्यावे' हा सल्ला अत्यंत घातक आहे, कारण प्रत्येक नव्या भांडणागणिक भीती पक्की होत जाते. मारणे, पाणी फेकणे वा नाक घासणे अशा शिक्षांचा परिणामही तोच होतो.

विलगीकरण

पहिले भांडण सौम्य असेल आणि मांजरे काही तासांत पूर्ववत खाऊ-खेळू लागली असतील, तर देखरेखीखाली त्यांना एकत्र आणून पाहता येते. पुन्हा फिसकारणे वा रोखून पाहणे दिसल्यास दीर्घ विलगीकरण करावे लागते. प्रत्येक मांजराला स्वतंत्र अन्न, पाणी, लिटर ट्रे, अंथरूण, लपण्याची जागा आणि नखे घासण्याची वस्तू मिळावी. लहान घरात आळीपाळीने एकाला आतल्या खोलीत आणि दुसऱ्याला बाहेर ठेवता येते. मात्र नेहमी एकाच मांजराला कोंडून ठेवू नये. दोघांनाही माणसांचा सहवास मिळणे आवश्यक असते.

पुनर्परिचय

दोन्ही मांजरे आपापल्या जागी निवांत खाऊ लागली, अंग चाटू लागली आणि खेळू लागली की पुनर्परिचयास आरंभ होतो. एकमेकांची जुनी ओळख आहे असे न मानता, जणू दोन अनोळखी मांजरांची प्रथमच गाठ घालून द्यायची आहे, असे समजून पुढील टप्पे पाळले जातात :

१. वासाची देवाणघेवाण : मऊ फडके एका मांजराच्या गालांवर हलकेच फिरवून ते दुसऱ्याच्या खोलीत ठेवतात. अंथरुणांची अदलाबदल करतात. नंतर मांजरांच्या खोल्या बदलतात.

२. बंद दाराआड भोजन : दाराच्या दोन्ही बाजूंना, प्रारंभी दारापासून दूर, खाण्याची भांडी ठेवतात आणि रोज थोडी जवळ आणतात. दुसऱ्याचा वास आणि आवडते खाणे यांची सांगड घालणे हा यामागील उद्देश असतो.

३. दुरून दर्शन : जाळीच्या दारातून वा किंचित उघड्या फटीतून, दोघेही खात असताना, काही सेकंदांपुरती दृष्टभेट होऊ देतात.

४. एकाच खोलीत अल्प भेट : दोन माणसांनी दोन टोकांना एकेका मांजराला खेळवत वा खाऊ घालत ठेवतात. भेट काही मिनिटांची असावी आणि ती शांत असतानाच संपवावी.

५. कालावधी वाढवणे : अनेक दिवस भेटी शांततेत पार पडल्यावर देखरेखीखाली एकत्र वावर वाढवतात आणि सर्वांत शेवटी त्यांना एकटे सोडतात.

कोणत्याही टप्प्यावर एकटक पाहणे, गुरगुरणे वा खाणे थांबवणे दिसल्यास मागच्या टप्प्यावर परत जातात. या प्रक्रियेला काही दिवस ते अनेक आठवडे आणि जुनाट वैरात काही महिने लागतात. घाई हे अपयशाचे मुख्य कारण आहे. एक वाईट भेट अनेक चांगल्या भेटींचे फळ पुसून टाकते.

औषधे आणि फेरोमोन

केवळ पुनर्परिचयाने भागत नसेल तर पशुवैद्य फ्ल्युऑक्सेटिन, क्लोमिप्रामिन वा गॅबापेंटिन यांसारखी औषधे ठरावीक काळासाठी देतात. ही औषधे वर्तनोपचारास पूरक आहेत, पर्याय नव्हेत. फ्ल्युऑक्सेटिनसारख्या औषधांचा परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात. माणसांची औषधे स्वतःच्या अंदाजाने देणे प्राणघातक ठरू शकते. घरोघरी आढळणारी पॅरासिटॅमॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते, कारण या औषधाचे सुरक्षित विघटन करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात अत्यल्प असते. फ्रेंच पशुवैद्य पॅट्रिक पाजा यांच्या संशोधनातून मांजराच्या गालावरील स्रावाची कृत्रिम प्रतिकृती विकसित झाली. अशी फेरोमोनयुक्त उपकरणे काही घरांत उपयुक्त ठरतात. परंतु त्यांच्या परिणामकारकतेविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

फलनिष्पत्ती

पूर्वीचे संबंध किती जिव्हाळ्याचे होते, भांडण किती तीव्र होते, विलगीकरण किती लवकर केले आणि मूळ निमित्त दूर करता येते किंवा कसे, यांवर परिणाम अवलंबून असतो. पहिल्याच दिवशी वेगळी केलेली मांजरे लवकर सावरतात. आठवडे चाललेला पाठलाग मात्र बळी ठरलेल्या मांजरात स्थायी भीती निर्माण करतो. काही जोड्या पूर्वीसारख्या बिलगून झोपत नाहीत, परंतु एकमेकांना टाळत शांतपणे राहतात; हेही यशच मानले जाते. सर्व प्रयत्नांनंतरही एक मांजर सतत भयग्रस्त राहत असेल, तर त्याला दुसरे चांगले घर शोधून देणे हा त्याच्या हिताचा निर्णय ठरतो. रस्त्यावर वा बाजारात नेऊन सोडणे हा मात्र पर्याय नव्हे. घरात वाढलेले मांजर बाहेर तग धरू शकत नाही, आणि उपासमारीच्या शक्यतेत प्राण्याला विनाकारण टाकून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या भारतीय कायद्यानुसार गुन्हा आहे.

माणसांना होणारी इजा

वळवलेल्या आक्रमकतेत माणसांनाही गंभीर चावे बसतात. मांजराचे सुळे बारीक व टोकदार असल्याने जखम वरून क्षुल्लक दिसते, परंतु जंतू खोलवर पोहोचतात. पाश्चुरेला जातीच्या जिवाणूंमुळे काही तासांतच सूज व लाली येऊ शकते. हाताच्या सांध्याजवळील चावा विशेष धोक्याचा असतो. ओरखड्यांतून बार्टोनेला जिवाणूचा संसर्ग होऊन लसीका ग्रंथी सुजतात.

भारतात रेबीजचा विचार प्रत्येक चाव्याच्या वेळी करावा लागतो. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जखमेवर हळद, तिखट वा चुना लावू नये. मांजर घरातील आहे आणि भांडणाचे कारण ठाऊक आहे, एवढ्यावरून लस टाळण्याचा निर्णय स्वतः घेऊ नये. मांजराच्या लसीकरणाची माहिती डॉक्टरांना द्यावी. लक्षणे दिसू लागल्यानंतर रेबीज जवळजवळ निरपवादपणे प्राणघातक असतो.

मांजरांमध्ये परस्परांच्या खोल चाव्यांतून मांजरांचा प्रतिकारक्षमता-ऱ्हास करणारा विषाणू पसरतो. तो कॅलिफोर्नियातील मांजरांत १९८६ मध्ये प्रथम ओळखला गेला. माणसाला त्याची लागण होत नाही.

प्रतिबंध

बहुमार्जार घरातील ताण मुख्यतः साधनसामग्रीच्या मांडणीतून कमी होतो. मांजरांच्या संख्येहून एक अधिक लिटर ट्रे असावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. ते एकाच कोपऱ्यात रांगेने न ठेवता वेगवेगळ्या जागी ठेवावेत. अन्नपाण्याची ठिकाणे स्वतंत्र असावीत. उंचावरील फळ्या, एकाहून अधिक वाटा आणि लपण्याच्या जागा असल्यास मांजरे एकमेकांना टाळू शकतात. आंतरराष्ट्रीय पशुवैद्यकीय संघटनांनी २०१३ मध्ये मांजरांच्या परिसरविषयक गरजांबाबत आणि अमेरिकेतील मांजर-चिकित्सकांच्या संघटनेने २०२४ मध्ये मांजरांमधील ताणाबाबत मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत. दोन्हींचा भर याच बाबींवर आहे. निर्बीजीकरणाने विशेषतः बोक्यांमधील संघर्ष लक्षणीयरीत्या घटतो.

पशुवैद्याकडून परत आणलेले मांजर काही तास स्वतंत्र खोलीत ठेवावे आणि घरातील अंथरुणाचा वास त्याच्या अंगाला लागू द्यावा. शक्य असल्यास दोन्ही मांजरांना एकाच वेळी, परंतु वेगळ्या पिंजऱ्यांतून न्यावे.

महाराष्ट्रातील नागरी घरांत काही निमित्ते ऋतुमानानुसार ठरलेली असतात. दिवाळीतील फटाके, गणेशोत्सवातील ढोल-ताशे व ध्वनिवर्धक आणि लग्नसराईतील वराती यांच्या काळात मांजरांना आतल्या खोलीत, खिडक्या व पडदे बंद करून ठेवणे हितावह असते. जोडीतील तणाव आधीपासून असल्यास या दिवसांत त्यांना वेगळेच ठेवावे. तळमजल्यावरील व पहिल्या मजल्यावरील घरांत भटक्या बोक्यांचे दर्शन हे प्रमुख निमित्त ठरते. खिडकीच्या खालच्या भागावर अपारदर्शक कागद चिकटवणे, गॅलरीला जाळी लावणे आणि घरासमोरच खाऊ न घालता थोड्या अंतरावर घालणे हे उपाय उपयोगी पडतात. लघवीचे डाग फिनाइलने पुसण्याची पद्धत सर्रास आढळते. परंतु फिनॉलयुक्त द्रव्ये मांजरांना विषारी असतात. त्याऐवजी पाण्याने धुऊन विकरयुक्त स्वच्छताद्रव्य वापरावे.

गैरसमज

मांजर जुना अपमान मनात ठेवून सूड घेते, ही समजूत सर्वत्र प्रचलित आहे. वळवलेल्या आक्रमकतेत हल्लेखोर मांजराला हल्ल्याचे लक्ष्य कोण आहे याचेही भान नसते. सूडासाठी लागणारी योजना त्यात नसते. भांडणारी मांजरे सख्खी भावंडे असल्यास ती आपोआप समेट करतील, हाही गैरसमज होय. प्रौढ मांजरांचे सख्य मुख्यतः सामाईक वास आणि सुरक्षिततेच्या अनुभवावर टिकते. ते दोन्ही हरवले, तर केवळ रक्ताचे नाते त्यांना जवळ आणत नाही. याउलट नाते नसलेल्या मांजरांमध्येही पुनर्परिचयाने सलोखा निर्माण होऊ शकतो.

हेही पहा

मांजर
रानमांजर
प्राणिवर्तनशास्त्र
फेरोमोन
रेबीज
निर्बीजीकरण